मालकही तेच, घरमालकही तेच

मराठीत 'मालक' या एका शब्दाकडून आपण फार कामं करून घेतो. कारखान्याचा तो मालक, घराचा तो मालक, आणि जुन्या वळणाच्या बायका नवऱ्याचा उल्लेखही 'आमचे मालक' असाच करत. पगार देणारा आणि छप्पर देणारा ही दोन वेगळी माणसं, त्यांच्याशी असलेली नातीही वेगळी, हे एरवी आपण विसरत नाही. घोटाळा होतो तो ही दोन माणसं एकच निघाली की.

बँकेत तेहेतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या माणसाकडे ओळखीपाळखीचे लोक कागद घेऊन येतात. मी कादंबऱ्या लिहितो हे त्यांतल्या बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण त्यासाठी कुणी येत नाही. मृत्युपत्र, जामीनकीचा कागद, सोसायटीची नोटीस, असलं काहीतरी प्लॅस्टिकच्या फोल्डरमधून बाहेर निघतं. अलीकडे मात्र एक प्रश्न वारंवार येऊ लागला आहे. आपल्याकडे कामाला असलेल्या माणसालाच आपलं घर भाड्यानं द्यायचंय, तर करार कोणता करावा? मुलं पुण्याला नाहीतर परदेशी गेली, त्यांच्यासाठी घेतलेले फ्लॅट कुलूप लावून पडले आहेत. दुसरीकडे कामाची चांगली माणसं टिकत नाहीत, कारण परवडेल असं घर कामाच्या जवळ त्यांना मिळत नाही. तेव्हा ही सोयरीक जुळणारच.

त्यातलं एक प्रकरण तपशिलात सांगतो. सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत माझ्या एका मित्राचं मशीन शॉप आहे. चौदा-पंधरा माणसं कामाला. फोरमन नऊ वर्षांचा जुना, हाताचा चोख, रोज तासगावच्या बाजूच्या गावाहून मोटारसायकलनं येणारा. मित्रानं मुलासाठी घेतलेला दोन खोल्यांचा फ्लॅट रिकामाच होता. तो फोरमनला द्यायचा, भाडं साडेसहा हजार, म्हणजे बाजारभावापेक्षा कमी, आणि ते दरमहा पगारातून कापून घ्यायचं, असं ठरलं. अकरा महिन्यांच्या 'लीव्ह अँड लायसन्स'चा छापील नमुना त्यानं कुठूनसा मिळवला होता. त्याच्या शेवटी स्वतःच्या अक्षरात एक वाक्य वाढवलं होतं : 'नोकरी संपेल त्या दिवशी जागा खाली करून द्यावी लागेल.'

'एका कागदात दोन्ही कामं झाली की नाही?' तो खुशीत म्हणाला.

झाली होती खरी, आणि नेमकी हीच अडचण होती.

करार शेवटाकडून वाचायचा, ही बँकेनं लावलेली सवय. कर्ज घेताना सगळेच गोड असतात. हप्ता थकल्यावर काय, ते कलम आधी पाहायचं. इथंही भाडं किती, डिपॉझिट किती, रंग कुणी काढायचा, हे प्रश्न दुय्यम. पहिला प्रश्न हा, की नोकरी ज्या दिवशी संपेल त्या दिवशी घराचं काय व्हावं असं तुमच्या मनात आहे? याचं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं, आणि आपल्या महाराष्ट्रात या तिन्हींचे कागदही निराळे आहेत.

काही कामंच अशी, की तिथं राहिल्याशिवाय ती होत नाहीत. राखणदार, शेतावरचा गडी, वसतिगृहाचा रेक्टर, दवाखान्याच्या आवारात राहणारी परिचारिका. इथं खोली हे कामाचं साधन आहे. तिचं भाडं घेऊ नये आणि भाडेकराराच्या वाटेलाही जाऊ नये. नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट लिहावं, की खोली कामापुरती वापरायला दिली आहे, ताबा मालकाचाच आहे. गोव्यातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका घराच्या खटल्यात २०१२ साली न्यायालयानं हे निःसंदिग्धपणे सांगितलं आहे. राखणदार किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी तो मालकाच्या वतीनं राहतो; नुसत्या वर्षांच्या बेरजेनं त्याचा हक्क तयार होत नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत जिन्याखालच्या खोलीत ज्यांच्या दोन पिढ्या वाढल्या, त्यांच्या बाबतीत हा निकाल ऐकायला कठोर वाटतो. पण निदान खोलीत शिरण्यापूर्वी दोन्ही बाजूंना तो माहीत असावा.

दुसरा प्रकार आपल्या फोरमनचा. फ्लॅटमध्ये राहिला काय आणि गावाहून आला काय, लेथ तितकीच चालणार. घर ही सोय आहे आणि त्याचं रीतसर भाडं तो देणार आहे. अशा वेळी पुष्कळ जण माझ्या मित्रासारखे 'लीव्ह अँड लायसन्स'कडे धावतात. त्यामागची भीती समजून घ्यायची तर थोडं मागं जावं लागेल.

१९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठवली आणि भाडेकरूला हलवणं जवळजवळ अशक्य केलं. त्यातून पागडी आली, आणि 'भाडेकरू' हा शब्दच टाळण्यासाठी 'लायसन्स'ची पळवाट निघाली. सरकारनं १९७३ साली ती वाटही अडवली. त्या वर्षाच्या १ फेब्रुवारीला चालू करारावर जे लायसन्सदार राहत होते, ते सारे एका रात्रीत भाडेकरू ठरले. त्या तारखेनं दक्षिण मुंबईपासून सदाशिव पेठेपर्यंत किती घरमालकांची झोप उडवली, ते आमच्या पिढीनं घरोघरी ऐकलं आहे. 'एकदा आत आला की तो जात नाही' ही म्हण तेव्हाची, आणि नातवंडांपर्यंत ती पोचली आहे.

आता त्यातली एक बारीक गोष्ट. लायसन्सदार म्हणजे कोण, हे सांगताना कायद्यानं काही माणसं मुद्दाम वगळली होती. पेइंग गेस्ट वगळला, एकत्र राहणारे कुटुंबीय वगळले, आणि जागा देणाऱ्याच्या नोकरीत असलेली व्यक्तीही वगळली. हेतू उघड होता. नोकराला खोली दिली म्हणून तो भाडेकरू होऊन बसू नये. पुढं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला, ३१ मार्च २००० पासून लागू झाला, आणि व्याख्या करताना हीच वगळणी त्यानं उचलून ठेवली. त्याच अधिनियमाच्या २४ व्या कलमानं लायसन्सची मुदत संपताच जागा परत मिळवायचा जवळचा रस्ता करून दिला. पण मालकानं स्वतःच्या नोकराशी लायसन्सचा करार केला, तर उद्या त्याचा वकील व्याख्येवर बोट ठेवून विचारू शकतो, की हा लायसन्सदार मुळात होताच कुठं? जी वगळणी मालकाच्या रक्षणासाठी होती, तीच मालकाच्या रस्त्यात आडवी येते. कायद्याच्या पुस्तकांत असे विनोद असतात, फक्त ते वाचताना कुणी हसत नाही.

म्हणून त्याच अधिनियमात २२ वं कलम आहे. नोकरांना घर देऊ पाहणाऱ्यांनी आधी वाचावं ते हेच, आणि सहसा वाचलं जात नाही तेही हेच. मालकाला आपल्या कर्मचाऱ्याला राहती जागा भाड्यानं द्यायची असेल, तर दोघांनी लेखी करार करून 'सेवा-भाडेदारी' निर्माण करावी; नोकरी असेपर्यंत ती चालते. नोकरी संपल्यावर जागा सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करतो. तिथलं काम नेहमीच्या दाव्यासारखं वर्षानुवर्षं चालावं अशी रचना नाही. राहणाऱ्याला काही म्हणायचं असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत शपथपत्र देऊन, बाजू मांडायची परवानगी आधी मागावी लागते.

मी मित्राला हे सगळं सांगितलं आणि अखेरीस, सुरुवातीलाच विचारायला हवा असा प्रश्न विचारला, 'फ्लॅट कुणाच्या नावावर आहे?'

'हिच्या. एक टक्का वाचला ना!'

२०२१ पासून महाराष्ट्रात घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्क्याची सवलत मिळते. त्यामुळं हजारो गृहिणी कागदोपत्री घरमालकिणी झाल्या, हे चांगलंच झालं. पण म्हणजे इथं कारखान्याचा मालक हा आणि घराची मालकीण ती. फोरमन वहिनींच्या नोकरीत नाही. तेव्हा त्याच्याशी सेवा-भाडेदारी करता येत नाही, आणि त्याच कारणानं त्याला लायसन्स द्यायला काहीच आडकाठी नाही. मित्रानं हातानं वाढवलेलं ते वाक्य तेवढं खोडायला हवं. एकाच कागदात तो लायसन्सदारही आणि नोकर म्हणूनही ठेवलेला, असं लिहिलं की भांडणाच्या दिवशी जो तो आपल्या सोयीची ओळ वाचतो. शिवाय कागदाच्या मथळ्यावर न्यायालय थांबत नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या १९५९ सालच्या प्रसिद्ध निकालापासून, नाव काय दिलं यापेक्षा व्यवहार खरोखर काय होता हे पाहिलं जातं.

मित्राला हे पटेना. त्याचं म्हणणंही अगदीच चुकीचं नव्हतं. 'समज, उद्या तो समोरच्या शेडमध्ये दोन हजार जास्त मिळतात म्हणून गेला. मग माझ्याच फ्लॅटमध्ये राहून त्याचं काम करणार?'

मी म्हटलं, 'भाडं देत असेल तर करू दे. तू भाडं घेतोस ते घराचं. त्याच्या निष्ठेचं वेगळं भाडं लावायचं असेल तर तसं सांग.'

तो थोडा रागावला. पण या साऱ्या व्यवहारातला मुद्दा मला तरी हाच वाटतो. घर आणि नोकरी एकाच दाव्याला बांधली, की माणूस पगारवाढ मागताना आधी घराकडं पाहतो. यंत्राचं गार्ड तुटलंय हे सांगतानाही बायकोपोरांचा विचार करतो. मालकाला वाटतं माणूस टिकला. प्रत्यक्षात तो अडकलेला असतो. अडकलेल्या माणसाचं काम कसं असतं, ते बँकेतल्या बदल्यांच्या काळात मी भरपूर पाहिलं आहे.

त्या आठवड्यात मित्रानं फोरमनला सपत्नीक घरी बोलावलं. मीही होतो. फोरमन 'मालक म्हणतील तसं' एवढंच म्हणत होता. त्याची बायको मघापासून गप्प होती. चहा झाल्यावर वहिनींकडं पाहत तिनं विचारलं, 'वैनी, एक विचारू? ह्यांनी काम सोडलं तर जावं लागंल, ते कळतंय. पण मालकांनीच शेड विकली तर? पोरगी औंदा नववीत हाय. फुडल्या वर्षी दहावी.'

शेड विकायचा विचार मित्राच्या मनात नसेलच असं नाही. मुलगा पुण्यात आहे म्हटल्यावर तो कुणाच्याही मनात येईल. नोकरी संपणं म्हणजे नोकरानं सोडून जाणं, असंच तो धरून चालला होता. बाईनं दुसरी बाजू दाखवली. नोकरी मालकाच्या कारणानंही संपते, आजारपणानं संपते, यंत्रात बोट गेल्यानं संपते. ज्या दिवशी घरातला पगार थांबतो, त्याच दिवशी घरही जावं, असं वाक्य आपण निवांत बसून लिहितो, कारण ते आपल्याला लागू होणार नसतं.

बँकेच्या नोकरीत मी या दोरीच्या त्या टोकाला होतो. आम्हा अधिकाऱ्यांना बँक खासगी मालकाकडून फ्लॅट भाड्यानं घेऊन द्यायची. करार बँक आणि घरमालक यांच्यात. आमच्या पगारातून थोडी रक्कम कापली जायची. एका गावी आमचे घरमालक रोज सकाळी नळ गळतो म्हणून मलाच सांगायचे आणि मी त्यांना बँकेला पत्र लिहा म्हणायचो. नळ दोन वर्षं गळत राहिला. त्या गावाहून माझी बदली ऐन ऑक्टोबरात झाली. पण मुलांचं शालेय वर्ष संपेपर्यंत अर्ज करून घर ठेवता येत होतं. मी पुढं गेलो, बिऱ्हाड मागाहून मे महिन्यात आलं. त्या एका नियमानं किती अधिकाऱ्यांच्या मुलांची वर्षं वाचवली असतील! एवढी अवाढव्य संस्था ती मुभा देऊ शकत होती, तर पंधरा माणसांच्या वर्कशॉपला ती जड का व्हावी?

कंपन्यांच्या बाबतीत तर संसदेनंच याचा थोडा विचार करून ठेवला आहे. कंपनीचं घर नोकरी संपल्यावर अडवून ठेवणं हा गुन्हा आहे. १९५६ च्या कायद्यात तो ६३० व्या कलमात होता, २०१३ च्या कायद्यात तो ४५२ व्या कलमात आहे. दंड लाखाच्या घरात, आणि न्यायालयानं सांगूनही घर सोडलं नाही तर दोन वर्षांपर्यंत कैद. मात्र नव्या कलमात एक परंतुक आहे. त्या माणसाचा भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी वगैरे देणं कंपनीनं थकवलं असेल, तर राहत्या घरापायी त्याला कैदेत धाडता येत नाही. आधी त्याचं त्याला द्या, मग तुमचं मागा. मला हे परंतुक फार आवडतं. छोट्या मालकांना ते लागू नाही, पण पाळायला कुणी मनाई केलेली नाही.

तर शेवटी ठरलं असं. वहिनी आणि फोरमन यांच्यात तेहेतीस महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार. मुलीची दहावी त्यात आरामात बसते. त्यात नोकरीचा शब्दही नाही. दोन्ही बाजूंना दोन महिन्यांची नोटीस. पण वहिनींनी नोटीस दिली तर जागा सोडायची तारीख जून ते एप्रिल या काळात येऊ नये, अशी एक ओळ. भाडं फोरमनच्या खात्यातून थेट वहिनींच्या खात्यात. पगारातून कापायचं नाही. घरभाडं कापून घ्यायला १९३६ च्या वेतन कायद्यातही वाव होता आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे, पण तो मालकानंच पुरवलेल्या घरापुरता. इथं घर दुसऱ्याचं, आणि ते वेगळंच दिसलं पाहिजे. भाडं बाजारभावापेक्षा कमी असणं ही वहिनींची मर्जी. तो पगाराचा भाग नाही, आणि पगारवाढीच्या बोलण्यात तो काढायचा नाही, हे मित्राकडून मी तोंडी कबूल करून घेतलं.

फ्लॅट मित्राच्या नावावर असता, तर मी २२ व्या कलमाचाच करार करायला सांगितलं असतं. मात्र नोकरी कोणत्याही कारणानं संपली तरी तीन महिने, आणि शाळेचं वर्ष चालू असेल तर ते संपेपर्यंत त्याच भाड्यात राहता येईल, ही अट घालून. कायदा मालकाला लगेच जागा मागण्याचा अधिकार देतो. तो लगेच वापरलाच पाहिजे असं कुठं म्हटलंय?

अकरा महिन्यांबद्दलही एक गैरसमज काढायला हवा. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा १९०८ च्या नोंदणी कायद्यानं नोंदवावा लागतो, म्हणून देशभर अकरा महिन्यांचा प्रघात पडला. महाराष्ट्रात १९९९ च्या अधिनियमातल्या ५५ व्या कलमानं ही मखलाशी संपवली. मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी जागा देणाऱ्याची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणारा जे सांगेल ते धरलं जातं, वर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. मित्राचा तो अकरा महिन्यांचा कागद नुसताच शंभराच्या स्टॅम्पवर करून कपाटात ठेवायचा होता. तेहेतीस महिन्यांच्या कराराला पंचवीस हजार डिपॉझिट धरून मुद्रांक शुल्क साडेपाचशेच्या घरात आलं, महापालिका हद्द म्हणून नोंदणी फी हजार; किरकोळ धरून दोन हजारांच्या आत काम झालं. एजंटाचे पैसे वेगळे. सोसायटीलाही कळवलं. बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे २००१ चं शासनाचं बंधन सेक्रेटरींना ठाऊक होतं, ही एक सुखद गोष्ट. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली.

नोंदणीवाला मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन वहिनींच्या घरीच आला. फोरमनचा अंगठा तीनदा लावूनही उमटेना. लेथवर काम करून रेषा पुसट झालेल्या. चौथ्या वेळी दुसरं बोट लावलं, ते घेतलं. मसुदा इंग्रजीत होता. फोरमनच्या बायकोनं तो उलटसुलट पाहिला आणि मराठीत मिळेल का म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, मिळेल, पण पुन्हा पहिल्यापासून भरावं लागेल, तासभर जाईल. वहिनी म्हणाल्या, 'जाऊ दे तासभर. मलाही वाचायचाय.' आणि त्या पोहे करायला आत गेल्या.